दुसऱ्या अल्बमआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू त्या प्रोड्युसरचं नाव सांगितलंस आणि मला फार आनंद झाला. काळजी वाटली ती एवढ्याचीच, की तू दोनदा म्हणालीस, "ते सांगतील तसं करू."

पहिल्या अल्बमची गाणी तू सात-आठ वर्षं गात होतीस. कॉलेजात, गणपतीत, मित्रांच्या गच्चीवर. न बसणारा शब्द गाता गाता गळून पडायचा. आता नऊ गाणी आहेत आणि चार महिने. म्हणून स्टुडिओत जाण्याआधी ती दहा माणसांसमोर नुसत्या गिटारवर गा. कुठल्या ओळीला लोक मोबाइलकडे वळतात ते बघून ठेव. कच्ची ओळ प्रोड्युसर वाद्यांनी झाकेल, पण ती पिकवायची तुलाच.

त्याचं ऐकायचं मात्र मनापासून. तो तुझं गाणं पहिल्यांदा ऐकणार आहे, आणि तो पहिला कान तुझ्याकडे आता उरलेला नाही. निर्वाणा या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम सहाशे डॉलरच्या आसपास झाला होता. दुसरा १९९१ मध्ये बुच विग या प्रोड्युसरकडे. एकाच ओळीवर आपलाच आवाज दुसऱ्यांदा डब करायला बँडचा गायक कर्ट कोबेन तयार नव्हता. बीटल्सचा जॉन लेननही असंच करायचा, असं विगने सांगितलं, तेव्हा तो गायला. मला त्यात विगचं मोठेपण दिसतं. समोरच्याला कुठलं कारण पटेल हे त्याला कळलं होतं.

तुलाही असं काही सांगितलं जाईल. पट्टी बदल, पांढरी पाचऐवजी काळी चारमध्ये गा म्हणतील. गा. अर्ध्या मनाने नको, पूर्ण जीव ओतून टेक दे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानाने दोन्ही ऐक. पट्टी, लय, वाद्यं, अंतरा आधी की नंतर, यावर हट्ट नको. पण तुझे वऱ्हाडी शब्द कुणाला कळणार नाहीत म्हणून बदला म्हणाले, तर तिथे थांब. ती तुझ्या आजीची भाषा आहे आणि गाण्याचा सूर तिच्यातूनच आलाय.

आता कागदाचं. माझ्या तरुणपणी एका कॅसेटसाठी मी न वाचता सही केली, एकरकमी पैसे घेतले आणि पुढे माझ्याच चालींवरचा हक्क गेला. अजून सलतं ते. आज कायदा तुझ्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाट्याचा हक्क करार करूनही काढून घेता येत नाही. पण संगीतकार कोण, हे तर ठरायला हवं! प्रोड्युसरने चालीत भर घातली तर त्याचं नाव लागणार का, किती टक्के, हे प्रत्येक गाण्यापुरतं पहिल्या टेकआधी लिहून घ्या. विचारायला संकोच वाटेल. त्याच निर्वाणाच्या पुढच्या अल्बमआधी तो रेकॉर्ड करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीने स्वतःच बँडला चार पानी पत्र लिहून आपल्या अटी आणि पैशांचं कळवलं होतं. रॉयल्टी नको, ठरलेली रक्कम द्या, असं. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घेतलं नसशील तर याच आठवड्यात अर्ज कर.

आणि तिसऱ्या गाण्याचा अंतरा मला अजून मुखड्याला चिकटवल्यासारखा वाटतो. शनिवारी गिटार घेऊन ये. जेवायलाच ये.

तुझा,
काका