‘असंच अजून एक द्या’: कर्णापासून तुकारामापर्यंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पु. ल. झाले, व. पु. झाले, ‘मृत्युंजय’ तीनदा वाचून झालं, आणि पुण्यात कुठल्याही दुकानात शिरलं की तीच दहा पुस्तकं समोर येतात. तर वेगवेगळ्या प्रकारांतलं मराठी आणि आपल्याला माहीत नसलेले लेखक शोधायचे कसे?

मी काही समीक्षक नाही. दिवसा पतसंस्थेत नोकरी आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ आमच्या तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात, देवघेवीच्या टेबलामागे. अकरा वर्षं झाली. या टेबलावर सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य एकच आहे: ‘असंच अजून एक द्या.’

पहिली काही वर्षं मी या वाक्याचा अर्थ चुकीचा लावत होतो. ऐतिहासिक कादंबरी परत आली की त्याच कपाटातली शेजारची ऐतिहासिक कादंबरी काढून द्यायची. भयकथा आली की भयकथा. चार-पाच पुस्तकांनी वाचक कंटाळायचा, मग वर्गणी थकायची, मग माणूसच दिसेनासा व्हायचा. तुमचंही तेच होतंय. फरक इतकाच की तुमच्याकडे शेजारचं पुस्तक काढून देणारा मी नाही, दुकानाची दर्शनी मांडणी आहे.

डोळे उघडले ते एका फजितीमुळे. एक निवृत्त मुख्याध्यापक ‘बटाट्याची चाळ’ परत करायला आले आणि म्हणाले, ‘असंच चाळीतलं काहीतरी द्या.’ मी मोठ्या हुशारीनं भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ हातात ठेवली. त्यातही मुंबईच, त्यातही चाळच! 1965 साली ही कादंबरी आली तेव्हा अश्लीलतेवरून केवढा गदारोळ झाला होता, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं, टेबलावर ठेवलं आणि एक शब्द न बोलता निघून गेले. ‘वासूनाका’ माझ्या मते फार मोठी कादंबरी आहे, पण गुरुजींना चाळ नको होती, त्यांना चाळीकडे बघणारा तो मायेचा, थट्टेखोर डोळा हवा होता. महिन्याभरानं त्यांना जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ दिलं. त्यात चाळ औषधालाही नाही, सगळं कोकणातलं गाव. ते मात्र त्यांनी दोनदा नूतनीकरण करून ठेवून घेतलं.

तेव्हापासून मी उलट विचारतो: ‘असंच म्हणजे कसं?’ पुस्तकातली नेमकी कुठली गोष्ट हाताला लागली? जागा, काळ, माणसाचा धंदा, सांगणाऱ्याचा सूर? त्या एका धाग्याला धरायचं आणि कपाट खुशाल बदलायचं.

तुमच्याच ‘मृत्युंजय’वर करून बघू. दुसरी पौराणिक कादंबरी शोधू नका, निदान लगेच नको. त्या कादंबरीची खरी गंमत अशी की कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि श्रीकृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडानं बोलतात. म्हणजे ऐकलेल्याच गोष्टीतली माणसं आतून बघणं तुम्हाला आवडलं. मग तिथून इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’कडे या. ही कादंबरी नव्हे, लेख आहेत, आणि बाई मानववंशशास्त्रज्ञ. पाळंमुळं, नातीगोती, वारसाहक्क यांच्या अंगानं त्या महाभारतातल्या एकेका माणसाला उभं करतात आणि कुणालाच सूट देत नाहीत. कर्णासाठी डोळे पुसलेल्या वाचकाला थोडा राग येईल. येऊ द्या. या पुस्तकाला 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे, पण मी ते पुरस्कारासाठी देत नाही. कादंबरीच्या वाचकाला वैचारिक पुस्तकाच्या कपाटाशी आणून सोडणारं याहून सोपं दार मला माहीत नाही, म्हणून देतो.

‘युगान्त’ आवडलं तर आता महाभारत सोडा आणि बाईंना धरा. त्यांचं ‘परिपूर्ती’ घ्या. हा ललित लेखांचा संग्रह. त्यात ‘वाटचाल’ नावाचा लेख आहे, पंढरीच्या वारीत चालतानाचा. एकच दिंडी, एकच विठोबा, तरी ब्राह्मण बायकांचं आणि मराठा बायकांचं जेवण वेगळं, हे बाईंना खुपतं आणि त्या ते लपवत नाहीत. तो लेख संपला की दि. बा. मोकाशींचं ‘पालखी’ वाचा. वाट तीच, पण चालणारा वेगळा: हा कथाकार माणूस, भक्तीपेक्षा कुतूहलानं निघालेला. पायाला आलेले फोड, मुक्कामाची धावपळ, शेजारून चालणाऱ्या माणसांच्या घरच्या कहाण्या. हे प्रवासवर्णनाच्या कपाटात ठेवावं की आणखी कुठे, यावर आमच्याकडे एकदा अर्धा तास वाद झाला होता. आणि ‘पालखी’नंतर ज्यांच्या ओव्या-अभंग म्हणत ही सगळी माणसं चालतात त्यांच्याकडे जावंसं वाटलं नाही तर नवल. तिथे थेट गाथा आहे, आणि गाथेआधी कुणीतरी हात धरायला हवा असेल तर सदानंद मोऱ्यांचं ‘तुकाराम दर्शन’ आहे. ते जाडजूड आहे, पण कुठूनही उघडून वाचता येतं.

बघा, कादंबरी, वैचारिक लेखन, ललित लेख, प्रवासवर्णन, संतसाहित्य. पाच कपाटं झाली आणि एकदाही ‘आता नवा प्रकार वाचायचा’ असं ठरवावं लागलं नाही. महाभारतच सोडवत नसेल तर दुसरी वाट दुर्गा भागवतांच्या ‘व्यासपर्वा’कडे जाते आणि तिसरी कन्नडकडे: भैरप्पांचं ‘पर्व’, उमा कुलकर्णींच्या मराठीत. अनुवादांना कमी लेखू नका. आमच्याकडे भैरप्पांना मराठी लेखक समजणारे वाचक आहेत, आणि मी त्यांना दुरुस्त करणं सोडून दिलंय.

भीतीच्या धाग्याची एक गोष्ट सांगतो. एस.टी.तले एक वाहक आमच्याकडचे सगळे नारायण धारप संपवून बसले होते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथाही झाल्या. ‘असंच अजून’ म्हटल्यावर मी जी. ए. कुलकर्णींचं ‘पिंगळावेळ’ काढलं आणि म्हटलं, सगळं वाचू नका, फक्त ‘स्वामी’ ही कथा वाचा. त्यात भूत नाही, रक्ताचा थेंब नाही. एक माणूस एका मठात जातो आणि त्याला तिथेच मानानं, अदबीनं कोंडून ठेवलं जातं. बस. आठ दिवसांनी ते आले, म्हणाले, ‘सगळं काय कळलं नाही साहेब, पण दोन रात्री दिवा चालू ठेवून झोपलो.’ आणि ‘रमलखुणा’ मागून नेलं. जी. ए. म्हणजे अवघड, साहित्यिकांसाठीचे, असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, हे किती बरं झालं.

आता एक खास मराठी सोय: टोपणनावं. आपल्याकडे एकच लेखक दोन-तीन कपाटांत दोन-तीन नावांनी बसलेला असतो. आमच्या वाचनालयात ‘ख’मध्ये चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ आणि ‘चानी’, आणि कवितेच्या कपाटात ‘आ’मध्ये आरती प्रभूंचं ‘नक्षत्रांचे देणे’. दोन्ही एकच माणूस, हे मला टेबलावर बसायला लागल्यावर दोन वर्षांनी एका शिक्षिकाबाईंकडून कळलं. कान लाल झाले होते माझे. राम गणेश गडकरींनी तर वाटणीच करून ठेवलीय: नाटकं स्वतःच्या नावावर, कविता गोविंदाग्रजांच्या, विनोद बाळकरामांच्या. ‘एकच प्याला’ आवडलेल्या माणसाला ‘संपूर्ण बाळकराम’ दिलं की तो दचकतो. आणि जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 1974 साली ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. आद्याक्षरं उलटी वाचा: ना. वि. ज. म्हणजे ज. वि. ना. परीक्षकांना पत्ता लागला नाही आणि पहिलं बक्षीस मिळालं. त्यांच्या विज्ञानकथांपासून ‘आकाशाशी जडले नाते’ आणि तिथून ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र, असा एकाच लेखकाच्या अंगणात राहून तुम्ही तीन प्रकार फिरून येता. कवितेला बिचकत असाल तर हीच वाट धरा. ज्याची गद्याची ओळख झाली आहे त्याचीच कविता आधी वाचा. दया पवारांचं ‘बलुतं’ वाचून लोक थेट दुसऱ्या आत्मकथनाकडे वळतात, ‘उपरा’, ‘आयदान’, आणि ते बरोबरच आहे; पण मध्ये एकदा त्यांचाच ‘कोंडवाडा’ हा कवितासंग्रह वाचा. ‘बलुतं’ 1978 चं, ‘कोंडवाडा’ त्याच्या आधीचा. आधी काय आणि कसं म्हटलं होतं ते दिसतं.

अगदी नवे लेखक हवे असतील तर दिवाळी अंक. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा आहे, आणि आजही एकाच बांधणीत कथा, लेख, कविता, मुलाखत, व्यंगचित्र असं सगळं मिळतं ते तिथेच. माझी पद्धत उरफाटी आहे. अनुक्रमणिकेत ओळखीच्या नावांवर पेन्सिलीनं काट मारतो आणि उरलेल्यांतून सुरुवात करतो. एखादं नाव सलग दोन-तीन वर्षं आवडलं की त्याचं पुस्तक शोधतो. नवे कोरे अंक महाग पडतात हे खरं. पण दिवाळीनंतर बहुतेक वाचनालयं अंकांची वेगळी योजना काढतात, आणि चार-सहा महिन्यांनी रद्दीत आणि जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर तेच अंक मिळतात. जुना दिवाळी अंक शिळा होत नाही. फक्त राशिभविष्य सोडून द्या.

पुरस्कारांच्या याद्या मी विजेत्यांसाठी वाचत नाही, वर्गवारीसाठी वाचतो. राज्य सरकारचे वाङ्मय पुरस्कार प्रकारांनुसार दिले जातात आणि प्रत्येक प्रकाराला एका जुन्या लेखकाचं नाव असतं: कादंबरीला हरी नारायण आपटे, काव्याला केशवसुत, आत्मचरित्राला लक्ष्मीबाई टिळक, विनोदाला श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. यंदा कुणाला मिळाला ते नवं नाव, ज्यांच्या नावानं दिला ते जुनं. एका ओळीत दोन्ही टोकं हातात येतात. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही वाचलं नसेल तर वरच्या साऱ्या वाटा बाजूला ठेवून आधी ते वाचा. नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर इतकं हसत हसत, आणि इतकं निर्मळ, मराठीत क्वचितच कुणी लिहिलंय.

दुकानाबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. दर्शनी मांडणीत खपणारी पुस्तकं असतात, त्यात दुकानदाराचा दोष नाही, त्याला भाडं भरायचंय. म्हणून आधी वाचनालय लावा. विकत घेतलेलं पुस्तक आवडलं नाही तरी पैसे गेले म्हणून आपण ते रेटत राहतो आणि तो प्रकारच मनातून उतरतो. वाचनालयाचं पुस्तक तिसाव्या पानावर परत करता येतं. मी कारण विचारत नाही, फार तर ‘पटलं नाही का?’ एवढंच. पुण्यात तर पुणे मराठी ग्रंथालय 1911 पासून आहे. आणि कधी दोन दिवस सुट्टी मिळाली तर पाचगणीजवळच्या भिलारला जा. 2017 पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ आहे. लोकांच्या राहत्या घरांत कपाटं लावलीत, सुरुवातीलाच पंचवीस ठिकाणी. एका घरात इतिहास, दुसऱ्यात कविता, आणखी कुठे दिवाळी अंक. प्रकार बदलायचा तर उठून चप्पल घालून शेजारच्या घरी जायचं. मी गेलो होतो तेव्हा एका ओसरीवर स्ट्रॉबेरी निवडत बसलेल्या आजींनी माझ्या हातातलं पुस्तक बघून ‘ते नको, त्याच्या पलीकडचं घ्या’ असं सुचवलं होतं. त्यांना माझ्याआधी आमच्या टेबलावर बसवायला हवं होतं.

तर पुढच्या शनिवारी ‘युगान्त’ आणा. आणि ‘मृत्युंजय’मधलं कुणाचं बोलणं तुम्हाला सगळ्यात जवळचं वाटलं तेवढं खाली कळवा. कर्ण असेल तर वरची वाट ठीक आहे. पण शोण असेल, म्हणजे मोठ्या भावाकडे मान वर करून बघणारा धाकटा, तर मग मी तुम्हाला वेगळ्याच कपाटाकडे नेईन.