लंडनजवळच्या वॉनस्टेड हाउसचं नेमकं काय झालं? त्याचे मालक कोण कोण होते?

तुम्ही विचारलंय की नकाशावर वॉनस्टेड पार्क आहे, मग महाल कुठे गेला. तो जळला नाही की कोसळला नाही, कर्जापायी विकला गेला. १८२२ मध्ये आतल्या सामानाचा लिलाव बत्तीस दिवस चालला. पुढे इमारतही पाडून नेण्याच्या अटीवर अवघ्या १०,००० पौंडांना गेली.

इस्टेट मुळात जुनी. लेस्टरचा अर्ल रॉबर्ट डडली याने १५७८ मध्ये तिथेच लेटिस नोलिसशी गुपचूप लग्न उरकलं, त्यावर, तो मर्जीतला असल्याने, राणी पहिली एलिझाबेथ भयंकर भडकली. पुढचे मालक हेन्री मिल्डमे वगैरे. मिल्डमे राजा पहिल्या चार्ल्सच्या खटल्यात न्यायाधीशांत होता, त्यामुळे राजेशाही परतल्यावर त्याची इस्टेट जप्त झाली.

आपल्या दृष्टीने खरी गंमत १६७३ पासून. त्या वर्षी ती घेतली जोसाया चाइल्डने, जो पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर झाला. औरंगजेबाशी लढाई उकरून काढण्यात हाच पुढे होता. परिणामी औरंगजेबाच्या बाजूने सिद्दी याकूतखानाने मुंबईला वेढा घातला आणि कंपनीला दीड लाख रुपये दंड भरून माफी मागावी लागली. (मुंबईतला कंपनीचा गव्हर्नर जॉन चाइल्ड हा जोसायाचा भाऊ, असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. तसं नव्हतं.) प्रसिद्ध महाल बांधला तो जोसायाचा मुलगा रिचर्ड याने, वास्तुकार कोलेन कँबेलकडून.

१८०५ मध्ये धाकटा भाऊ लहानपणीच वारल्यावर सगळं रिचर्डची पणती कॅथरीन टिल्नी-लाँग हिच्याकडे आलं. पुढे गादीवर आलेला चौथा विल्यमही तिच्यामागे होता. तिने १८१२ मध्ये लग्न केलं विल्यम वेलस्लीशी. असईच्या लढाईतल्या आर्थर वेलस्लीचा (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) हा पुतण्या. दहा वर्षांत कॅथरीनचा हा नवरा कर्जात इतका बुडाला की देणेकऱ्यांना चुकवायला परदेशी पळाला. कॅथरीन १८२५ मध्ये गेली.

लोक सगळं खापर त्याच्या उधळेपणावर फोडतात. मला तेवढं पटत नाही. तेव्हाच्या कायद्याने बायकोच्या मालमत्तेवर नवऱ्याचा हात चालायचा, हे विसरून कसं चालेल? जमीन मात्र वारसांसाठी बांधलेली होती, म्हणून ती टिकली. १८८० मध्ये त्यातला काही भाग लंडन शहराच्या नगरपालिकेने वेलस्ली घराण्यातल्या लॉर्ड काउलीकडून विकत घेतला आणि १८८२ मध्ये तो लोकांसाठी खुला केला.

बघायला जाणार असाल तर टेंपल ही छोटी इमारत आणि १८८४ मध्ये जळालेल्या ग्रोटोचे (शोभेच्या कृत्रिम गुहेचे) अवशेष उद्यानात आहेत. महालाची जागा मात्र शेजारच्या गोल्फ क्लबात येते.