वाचकांचे प्रश्न : आजी-आजोबांसह युरोपचा प्रवास

प्रश्न : येत्या जून महिन्यात आम्ही सहाजण, म्हणजे सत्तरी ओलांडलेले माझे आई-वडील, आम्ही पती-पत्नी आणि नऊ व तेरा वर्षांची आमची मुले, बारा रात्रींसाठी युरोपला जाणार आहोत. पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम अशी यादी केली आहे. वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे, पण स्वित्झर्लंडमधल्या आल्प्स पर्वतातले युंगफ्राउयोख हे उंचावरचे रेल्वे स्थानक पाहण्याची त्यांची फार इच्छा आहे. हे सारे जमेल का, आणि व्हिसा कोणत्या देशाकडे मागावा?

उत्तर : यादीतली दोन गावे कमी करावीत, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. पाच मुक्काम म्हणजे चार वेळा सहाजणांचे सामान आवरणे आणि स्टेशन गाठणे आले. त्यातच बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी दोन-तीननंतरच ताब्यात मिळत असल्यामुळे मुक्काम हलवण्याचा प्रत्येक दिवस जवळजवळ वाया जातो. पॅरिसला तीन, इंटरलाकेनला पाच आणि रोमला चार रात्री ठेवल्यास मुलांना आणि आजी-आजोबांना श्वास घ्यायला उसंत मिळेल. व्हेनिस सोडताना वाईट वाटेल, हे मी जाणते, तरीही सोडावे.

इंटरलाकेनला, म्हणजे डोंगरासाठी, पाच रात्री मुद्दाम सुचवल्या आहेत. आल्प्समध्ये शिखरे दोन-दोन दिवस ढगांत बुडालेली राहू शकतात, आणि अशा दिवशी महागड्या तिकिटाच्या मोबदल्यात खिडकीबाहेर फक्त पांढरे धुके दिसते. म्हणून वर जाण्याचा दिवस आधी ठरवूच नये. शिखरांवरच्या कॅमेऱ्यांचे थेट चित्रण सकाळी मोबाइलवर पाहावे आणि आकाश निरभ्र दिसले तरच निघावे. एरवी तलावातल्या बोटीने फिरावे किंवा लाउटरब्रुनेनच्या दरीतले धबधबे पाहावेत.

आता वडिलांविषयी. युंगफ्राउयोखचे स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, त्यामुळे चार पायऱ्या चढतानाही धाप लागू शकते. इंटरलाकेन ५६७ मीटरवर असल्याने दोन्ही ठिकाणांच्या तापमानात साधारण अठरा अंशांचा फरक पडतो, तेव्हा जूनमध्येही सर्वांसाठी लोकरीचे कपडे बरोबर हवेत. डॉक्टरांची स्पष्ट संमती मिळाली तरच वडिलांनी वर जावे. ती न मिळाल्यास सगळ्यांनी मिळून २,०६१ मीटरवरच्या क्लाइने शायडेग या खिंडीपर्यंत जावे. आयगर शिखराचा उत्तरेकडचा उभा कडा तेथे अगदी डोक्यावर आल्यासारखा दिसतो, आणि युंगफ्राउयोखला जाणारी, १९१२ साली पूर्ण झालेली रेल्वेही तेथूनच सुटते. मुलांना घेऊन आपल्यापैकी एकाने पुढे जावे. वडील खाली थांबून आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तिन्ही शिखरे निवांत पाहू शकतील. मला विचाराल, तर हे दृश्य वरच्या दृश्यापेक्षा तसूभरही कमी नाही.

शहरांबाबत थोडक्यात सांगते. पॅरिसच्या मेट्रोत पायऱ्या फार आणि लिफ्ट थोड्या, म्हणून आई-वडिलांना बसनेच न्यावे. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते आणि तेथे अठरा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. रोममध्ये कोलोसियमची वेळ ठरलेली तिकिटे आधीच काढावीत आणि दुपारच्या उन्हात बाहेर पडू नये. इंटरलाकेनहून रोमला मिलानमार्गे रेल्वेने एका दिवसात पोहोचता येते.

ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल, त्याच देशाकडे शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, अर्ज करायचा असतो. मुक्काम सारखेच असतील तर प्रथम प्रवेशाचा देश धरतात. वरील आखणीनुसार आपला अर्ज स्वित्झर्लंडकडे जाईल. तो देश युरोपीय संघात नसला तरी शेंगेन क्षेत्रात आहे. चलन मात्र फ्रँक आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सोबत किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा लागतो. तो घेताना वडिलांचा रक्तदाब न लपवता नोंदवावा आणि आधीपासूनच्या आजारावरचा खर्च त्यात धरला आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.