वाचक विचारतात : लगद्याच्या मीटरवर भरवसा कधी ठेवावा?

प्रश्न : रद्दीपासून क्राफ्ट पेपर काढणारी आमची छोटी मिल आहे. तासगाव भागातल्या द्राक्ष-बेदाण्याच्या बॉक्ससाठी माल जातो आणि बीएफ (कागद फुटेपर्यंत दाब सोसण्याची ताकद) खालीवर होतो, अशी तक्रार सतत येते. दर दोन तासांनी रिफायनरनंतरचा (तंतू घासून तयार करणाऱ्या यंत्रानंतरचा) एसआर, म्हणजे लगदा किती सावकाश निथळतो त्याचा आकडा, काढतो. कधी २८ येतो, कधी ३५. ऑनलाइन फ्रीनेस मीटर (लाइनवरच निथळा मोजणारा) बसवला तर हे थांबेल का? (कुपवाड)

उत्तर : मीटर चढउतार दाखवील, थांबवणार नाही. फ्रीनेस मीटरची ऑर्डर देण्याआधी रिफायनरच्या आधीची कन्सिस्टन्सी, म्हणजे लगद्यातलं कोरड्या तंतूंचं टक्केवारीतलं प्रमाण, बघा. बहुतेक छोट्या मिलमध्ये रिफायनर अँमीटरवर चालतो. ‘एवढे अँपिअर ठेव’ असं ऑपरेटरला सांगितलेलं असतं आणि तो बिचारा ते इमानेइतबारे ठेवतोही. पण लगदा पातळ झाला की तेवढीच वीज कमी तंतूंवर पडते.

हिशोब करून बघा. मोटर २५० किलोवॅट घेते, त्यातले ७० नो-लोडचे, म्हणजे तंतूंवर काम न करता नुसतं फिरण्याचे. म्हणजे तंतूंवर खर्च होतात १८०. फ्लो तासाला ९० घनमीटर आणि कन्सिस्टन्सी ४ टक्के असेल, तर तासाला ३.६ टन तंतू जातात. टनामागे ५० युनिट. कन्सिस्टन्सी साडेतीनवर आली की तंतू ३.१५ टन आणि टनामागे ५७ युनिट. अँमीटरचा काटा जागचा हललेला नाही आणि एसआर मात्र चढला. त्यामुळे आधी कन्सिस्टन्सी ट्रान्समीटर, मॅग्नेटिक फ्लोमीटर आणि किलोवॅट मीटर बसवा आणि रिफायनर टनामागच्या युनिटवर चालवा. नो-लोड मोजताना प्लेट (रिफायनरच्या तंतू घासणाऱ्या चकत्या) मागे घ्या, पण लगदा चालू ठेवा. प्लेट झिजतात तसा हा आकडा उतरतो, म्हणून तो अधूनमधून आणि प्लेट बदलल्यावर पुन्हा काढायचा.

एवढं करूनही एसआर हलत असेल तर रद्दी बदलते आहे. फ्रीनेस मीटरचा खरा उपयोग तिथून पुढे. तो लाइनमधून थोडा लगदा घेतो, पातळ करतो, जाळीवर निथळवतो आणि दर काही मिनिटांनी आकडा देतो. रद्दीतल्या टेपचा आणि हॉटमेल्ट गमचा चिकटा जाळीवर बसला की निथळा मंदावतो आणि एसआर खोटाच वाढलेला दिसतो. जाळी धुवायला आणि नमुना पातळ करायला स्वच्छ पाणीच द्या, बॅकवॉटर (मशीनवरून निथळून परत आलेलं पाणी) चालणार नाही.

लॅबकडेही एक नजर टाका. एसआरची चाचणी २० अंशांना, लिटरमध्ये २ ग्रॅम कोरडे तंतू धरून करायची असते. पाण्याचा दाटपणा २० अंशांना १ धरला तर ४० अंशांना तो साधारण ०.६५ राहतो. मे महिन्यात चेस्टमधला (लगद्याच्या टाकीतला) गरम लगदा तसाच ओतला तर तो झरझर निथळतो आणि रजिस्टरमध्ये एसआर कमी लिहिला जातो.

प्रश्न : ब्लेड टाइप कन्सिस्टन्सी ट्रान्समीटर ३.६ दाखवतो आणि लॅब ४.० सांगते. दर शिफ्टला आम्ही मीटर लॅबशी जुळवून घेतो, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मीटर बदलावा का? (कराड)

उत्तर : आधी हे रोजचं जुळवणं बंद करा. एका नमुन्यावरून मीटर हलवला की लॅबची चूक मीटरमध्ये शिरते.

सॅम्पल कॉक ट्रान्समीटरच्या जवळ हवा. तो उघडल्यावर अडकलेला लगदा वाहून जाऊ द्या, मगच नमुना घ्या. पाच-सात मिनिटांत लागोपाठ पाच नमुने घेऊन १०५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. ५०० ग्रॅम लगद्यातून १९.२ ग्रॅम मिळाले तर ३.८४ टक्के. पाचही आकडे ३.७ ते ४.१ असे पसरले तर भांडण मीटरशी नाही. ते जवळजवळ असतील तर वेगवेगळ्या दिवशी दहा-पंधरा जोड्या जमवा आणि आलेखावर मांडा. फरक सगळीकडे सारखा असेल तर फक्त झीरो (मीटरचा सुरुवातीचा बिंदू) हलवा; कन्सिस्टन्सीबरोबर वाढत असेल तर स्पॅन (मीटरच्या पट्टीचा विस्तार).

जोड्या विस्कळीत आल्या तर जागा तपासा. ब्लेडला तंतूंच्या जाळ्याचा ओढा कळतो, वजन कळत नाही. एल्बो किंवा पंपाला लागून बसवला तर भोवरा मोजला जातो. रद्दीतली राख लॅबच्या फिल्टर पेपरवर बऱ्याच प्रमाणात राहून वजनात येते, ब्लेडला मात्र ती फारशी जाणवत नाही. राख वाढलेल्या दिवशी मीटर लॅबपेक्षा कमी दाखवणारच. मायक्रोवेव्ह मीटरला तंतूंच्या लांबीचा फरक पडत नाही, पण लगद्यात हवा असेल तर तोही फसतो.

ट्रेंडवर लाट दिसत असेल तर लूप (मीटर बघून पाण्याचा व्हॉल्व्ह आपोआप हलवणारी यंत्रणा) वीसेक मिनिटं मॅन्युअलवर टाका. लाट गेली तर दोष ट्यूनिंगचा किंवा चिकटणाऱ्या व्हॉल्व्हचा. राहिली तर ती चेस्टमधून येते आहे किंवा डायल्यूशनच्या (लगदा पातळ करणाऱ्या) पाण्याचा दाब हलतो आहे. पाणी पंपाच्या सक्शनला आणि स्वतंत्र हेडरमधून (मुख्य पाइपमधून) द्या. धुण्याचे शॉवर त्याच हेडरवर असले, की कुणीतरी कॉक उघडतो आणि तुमचा लगदा घट्ट होतो.

प्रश्न : रद्दीच्या लगद्यात बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) लगदा मिसळायचा आहे. मीटरचं सेटिंग तेच ठेवावं का? (इस्लामपूर)

उत्तर : नाही. बगॅसचे तंतू आखूड असल्याने तेवढ्याच कन्सिस्टन्सीला ब्लेडवरचा ओढा कमी पडतो. मीटर कमी दाखवतो, लूप पाणी तोडतो आणि लगदा घट्ट होत जातो. दोन्ही लगदे वेगळ्या लाइनवर, वेगळ्या कॅलिब्रेशनने मोजा आणि मोजल्यावरच मिसळा. बगॅसमध्ये पिथ (चिपाडातला भुसभुशीत गर) राहिला असेल तर रिफायनिंग न करताच एसआर वर दिसतो. त्याला ताकद समजू नका, तो नुसता वायरवरचा (कागद बनतो त्या जाळीवरचा) निथळा अडवतो. अशा मिश्रणासाठी एसआरचं टार्गेट हँडशीटचा (लॅबमध्ये हाताने काढलेल्या कागदाचा) बीएफ बघून नव्याने ठरवा आणि रिफायनिंग शक्यतो रद्दीच्या लाइनवरच करा.