‘ने’वरून हाबेन-झाइन ठरवता येतं का?

तुमचा प्रश्न असा, की मराठीत कर्त्याला ‘ने’ लागतो तिथे जर्मनमध्ये ‘हाबेन’ (जवळ असणे) आणि लागत नाही तिथे ‘झाइन’ (असणे) हे सहायक क्रियापद, एवढं धरून भूतकाळ लिहिला तर चालेल का? आणि पुढे फ्रेंच घेतली तर?

जर्मनमध्ये फार लांब जाता येणार नाही. ‘तो झोपला, हसला, रडला, नाचला’ यांत कुठेच ‘ने’ नाही, तरी चारही क्रियापदं हाबेन घेतात. उलट ‘त्याने उडी मारली’ म्हणायला ‘एर इस्ट गेश्प्रुंगन’, म्हणजे झाइन. कर्म नसेल तेव्हा जर्मन पाहते ते हे, की कर्ता इथून तिथे गेला का, किंवा त्याची अवस्था पालटली का. रात्रभर झोपलात तर ‘इश हाबे गेश्लाफन’. डोळा लागला तर ‘इश बिन आइनगेश्लाफन’ (‘इस्ट’, ‘बिन’ ही झाइनचीच रूपं). असणे आणि राहणे (झाइन, ब्लाइबन) या दोघांत काहीच हलत नाही, तरी तीही झाइनच घेतात. ती सरळ पाठ करा.

फ्रेंचमध्ये झाइनच्या जागी ‘एत्र’ आहे, पण त्याचा गोतावळा लहान. चालणं, धावणं, पोहणं सगळं ‘आव्हवार’कडे, म्हणजे हाबेनच्या फ्रेंच जोडीदाराकडे. जर्मन शिकून आलेले इथे हमखास चुकतात. आंघोळ करण्यासारख्या स्वतःवरच्या क्रियांना फ्रेंच नेहमी एत्र लावते, तर जर्मन हाबेन.

तुमचा ‘ने’ छान चालतो तो ‘देसांद्र’सारख्या क्रियापदांत. ‘एल ए देसांद्यु’ म्हणजे ती उतरली, इथे एत्र. ‘एल आ देसांद्यु ला व्हालीझ’ म्हणजे तिने बॅग खाली आणली, इथे आव्हवार.

हे साम्य अगदीच वरवरचं नाही. लॅटिनमध्ये मुळात ‘माझ्याकडे पत्र लिहिलेलं आहे’ अशा धाटणीची रचना होती आणि ‘लिहिलेलं’ हे पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे चाले. आपलं ‘तिने पत्र लिहिलं, तिने चिठ्ठी लिहिली’ हेही तसंच, जुन्या धातुसाधितातून आलेलं. फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आलं तर ही जुळणी आजही करावी लागते आणि फ्रेंच मुलंही शुद्धलेखनात तिथेच गुण घालवतात. आपल्याला ती निदान ओळखीची वाटते.

स्पॅनिशने ही कटकट कधीच मोडीत काढली, सगळ्यांना हाबेनसारखं एकच ‘आबेर’. इंग्रजीनेही ‘हॅव’वर भागवलं, ‘ही इज गॉन’मध्ये जुनी खूण तेवढी उरली आहे. इटालियनला मात्र जाऊ नका इतक्यात, तिथे ‘धावलो’ला दोन्ही चालतात: नुसतं धावलात तर ‘ओ कोर्सो’, घराकडे धावलात तर ‘सोनो कोर्सो आ काझा’.

तेव्हा प्रत्येक नवं क्रियापद वहीत सहायकासकटच उतरवा: ‘इस्ट गेफारन’ (गाडीने गेला), ‘हाट गेश्लाफन’ (झोपला). आणि व्हिएन्नात किंवा म्युनिकमध्ये कोणी ‘इश बिन गेझेसन’ म्हणालं, तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नका. बसणं, उभं राहणं, आडवं पडणं यांना दक्षिणेकडे झाइनच लावतात, उत्तरेकडे हाबेन.