दिवाळीनंतर केसर आंब्याची छाटणी केली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की पंधरा बाय पंधरा फुटांवरची केसरची बाग एकमेकांत घुसलीय, मोहोर नुसता शेंड्याला येतो, फळ बारीक राहतं. आता सोयाबीन निघालं की दिवाळीनंतर मजूर लावून छाटावी का?

नका लावू. यंदाचं पीक हातचं जाईल.

आंब्याला मोहोर काडीच्या टोकाला लागतो आणि ती काडी तीन-चार महिन्यांची, चांगली पिकलेली असावी लागते. दिवाळीनंतर कैची लावली की तयार काडी तर गेलीच, वर थंडीत फुटली तर तांबूस कोवळी पालवी फुटते. आपल्याकडं छाटणीची वेळ म्हणजे आंबा उतरला की लगेच, जूनमध्ये. फार तर जुलैचा पहिला आठवडा. पावसावर आलेली पालवी मग डिसेंबरपर्यंत पिकते.

भर दुपारी झाडाखाली उभं राहून वर बघा. जमिनीवर उन्हाचे कवडसे पडत नसतील तर मधली सरळ वर गेलेली एक, फार तर दोन फांद्या बुडातून काढा. बहुतेक जण उलटं करतात, हजामत केल्यासारखे चौफेर शेंडे भादरतात. त्यानं बाहेर झुडूप होतं आणि आत अंधार तसाच. तुडतुडे किडीला आणि भुरी रोगाला तेच पाहिजे असतं. उंची एकाच वर्षी उतरवू नका, पहिल्या जूनमध्ये मध्य मोकळा, पुढच्या वर्षी उंची. आणि पश्चिमेची बाजू दाटच राहू द्या. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो, फळ आणि साल दोन्ही भाजतात.

जाड फांदीला आधी खालून करवतीची खाच द्या, मग वरून कापा, नाहीतर फांदी पडताना खोडाची साल ओरबाडून नेते. काप तिरका ठेवा, पाणी साचायला नको. त्याच दिवशी बोर्डोपेस्ट लावा: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर, कालवायला प्लास्टिकचीच बादली. कापाजवळ फुटव्यांचा गुच्छ येतो, त्यातले बाहेर तोंड असलेले दोन-तीन ठेवून बाकीचे कोवळे असतानाच खुडा.

कल्टारबद्दल, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणाऱ्या औषधाबद्दल विचारलंत: ते जुलै-ऑगस्टमध्ये द्यायचं असतं, तेही जोमदार झाडालाच.

दिवाळीत फक्त वाळलेल्या, रोगट काड्या काढा. जूनमध्ये मात्र मजूर येण्याआधी कापायच्या फांद्यांवर स्वतः चुन्याची खूण करून ठेवा. रोजंदारीवरचा माणूस हाताला येईल तीच फांदी तोडतो.