अमेरिकी विद्यापीठांत आफ्रो-लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे कृष्णवर्णीय, प्राध्यापक किती, हे आकड्यांत का दिसत नाही?

दोष फॉर्मचा. विद्यापीठं केंद्राच्या शिक्षण खात्याला कर्मचाऱ्यांचे आकडे पाठवतात, त्यात 'हिस्पॅनिक' (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेला) म्हटलेला माणूस कोणत्याही वर्णाचा असो, एकाच रकान्यात जातो. म्हणजे डॉमिनिकन वंशाच्या कृष्णवर्णीय प्राध्यापिकेने दोन्ही खुणा केल्या तरी कृष्णवर्णीयांच्या बेरजेत ती नाहीच! २०२४ मध्ये वंश आणि हिस्पॅनिक ओळख एकाच प्रश्नात विचारायचा नवा केंद्रीय नियम आला खरा.

कागदावर गायब, पण विविधतेच्या समितीवर माणूस हवा असला की कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, दोन्हीकडून बोलावणं. वर "तुम्ही लॅटिनो वाटत नाही" आहेच.

हे कोडं जुनं आहे. पोर्टो रिकोत १८७४ साली जन्मलेले आर्तुरो शॉम्बर्ग हेही आफ्रो-लॅटिनोच; त्यांचा कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरचा ग्रंथसंग्रह १९२६ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने घेतला. पुढे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या फिस्क विद्यापीठानेही त्यांना ग्रंथालयात नेमलं.